डाग

नळ उघडला की मोजून तीन मिनिटं.
आधी पितळी बोल्टच्या बुडाशी एक फुगवटा,
मग थेंब, मग दुसरा,
मग गोठ्याच्या फरशीवर बदकाच्या मानेचा रंग.

राडिम म्हणतो, मावशी, नवा कार्बोरेटर घ्या,
ओलोमोउत्सच्या बाजारात रुमालावर मांडून विकतात.
मी म्हणते, बॅटरी सरळ धर.
माझ्या डोळ्यांत नको, भांड्यात.

एक्कावन्न सालची जावा.
बरणीत मुरलेल्या चेरीचा लाल.
हिच्यावरून वडील काचेच्या कारखान्यात जायचे,
बेच्वा गोठलेली असो की वाहती.

दोन स्क्रू. एक घाबरट, एक हट्टी.
भांड्याचं झाकण निघालं, सुई निघाली
आणि फ्लोट,
पितळेचा पोकळ डबा, अक्रोडाएवढा.
कानाशी नेऊन हलवला:
आत कुणीतरी चूळ भरतंय.

त्याचं काम एकच. तरंगायचं.
पेट्रोल चढलं की आपण चढायचं,
सुईनं वाट मिटायची.
उतायचं नाही, मातायचं नाही.
पण जो स्वतःच प्यायलाय
तो दुसऱ्याला काय सांगणार, पुरे म्हणून.

केटलीतलं कढत पाणी वाडग्यात ओतलं,
(ज्योत नको, शेगडी नको, राडिम, सिगारेटही नको)
आणि चमच्यानं त्याला खाली दाबून धरलं.
शिवणीजवळून बुडबुड्यांची माळ सुटली,
सुईच्या टोकाएवढ्या भोकातून.
सगळं स्वयंपाकघर पेट्रोलपंप झालं.
मांजर उठून गेलं.

मग पुसताना बोटाला लागले ते.
एक डाग. त्याच्या शेजारी दुसरा.
तिसरा खाली, जाड, घाईत दिलेला,
थंडीनं बोटं वळत नसताना दिला असावा.
वडिलांचा हात. पत्रही ते असंच लिहायचे,
दोन शब्दांत सांगून होईल तिथे तीनदा गिरवून.

पोस्टातून निवृत्त होताना मी पत्रांचा काटा मागून घेतला होता.
फ्लोट ठेवला त्यावर. तेरा ग्रॅम.
पुस्तक म्हणतं, नऊ.

चार ग्रॅम शिसं आणि कथील.
म्हणजे दर दुरुस्तीनंतर
तो जरासा खोल बसत गेला पेट्रोलमध्ये,
आणि भांडं जरासं जास्त भरत गेलं.
वडील गळती बुजवत होते
आणि गळती वाढवत होते.

आठवलं:
चढ संपला, चर्चचा कोपरा आला, की ते नळ बंद करायचे.
उरल्यासुरल्या पेट्रोलवर, फट फट करत,
शेवटी नुसत्याच उतारावर,
आवाज न करता अंगणात यायचे.
गाव हसायचं. आई म्हणायची, कवडीचुंबक.
मीही म्हणायचे, तिच्या मागून.
त्यांनी कधी खुलासा केला नाही.
ज्याची गाडी रात्रभर गळणार आहे हे ज्याला ठाऊक आहे,
तो माणूस असाच घरी येतो.

ब्लेड घेतलं आणि तिन्ही डाग खरवडले.
राडिम म्हणाला, अहो, ते तर धरून आहेत!
धरून होतेच.

माझा पहिला डाग फुटला.
आतली हवा तापली आणि टाक्यातून फुसकन बाहेर आली.
शिवी मी झेकमध्ये दिली, राडिमनं ती मनात लिहून घेतली.
फ्लोट गार होऊ दिला. मग पुन्हा,
इस्त्रीचं टोक जेमतेम टेकवून,
तांदळाच्या दाण्याएवढा.
काटा म्हणाला, साडेनऊ.
अर्धा ग्रॅम माझा. असू दे.

रात्री सगळं जोडून नळ उघडाच ठेवला,
खाली कालचं वर्तमानपत्र.
झोप आली नाही. दोनदा उठले,
मोजे न घालता गोठ्यापर्यंत गेले,
अंधारात कान दिला.

सकाळी पाहते तर कागदावर,
हवामानाच्या चौकटीत बरोबर मधोमध,
एक गोल डाग.

खाली वाकले. वास घेतला.
राडिमची कॉफी.